एका ओळीचं काम

"गोदे, खरं सांग. मंदाररावांना एकाच मांडवात दोन बायका करून द्यायच्यात की काय?"

सेलूच्या आत्याचा फोन होता. सकाळचे साडेआठ वाजलेले, मी तोंडात ब्रश धरून अंगणात उभी. आत्या काय बोलतेय ते मला आधी कळेचना.

"अगं, तूच पाठवलंस ना ते लग्नाचं पान? वर लिहिलंय चि. मंदार आणि चि. सौ. कां. मैथिली. खाली लिहिलंय चि. सौ. कां. गोदावरी. मी आपले दोन ब्लाउजपीस काढून ठेवलेत. त्यातला एक परत ठेवू की नको, तेवढं सांग."

मी तशीच आत पळाले, फोनवर पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी मोठ्या ऐटीत मी ते पान दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकलं होतं. वेबसाइटवरची लग्नपत्रिका, तीही नवरीनं स्वतः बनवलेली. आमच्या गंगाखेडात तोवर असं कुणी केलं नव्हतं. आणि त्यात नवऱ्या निघाल्या दोन.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी तेवीसची होते. बी. कॉम. होऊन घरी बसलेली, लग्न ठरलेलं, परभणीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मुलगा, म्हणजे मंदार. लग्नाआधी हाताशी दोन महिने होते, म्हणून मी कौसर मॅडमच्या क्लासला जायला लागले. शिलाई मशीनच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू. मॅडम माझ्याहून तीनच वर्षांनी मोठ्या, पण शिकवायला उभ्या राहिल्या की चाळिशीच्या वाटायच्या. क्लासच्या शेवटी प्रत्येकानं एक पान बनवायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुझं लग्नच आहे. त्याचंच कर."

आता दुसरी नवरी कुठून आली ते सांगते. आमच्याकडे लग्न झालं की मुलीचं नाव बदलतात. गृहप्रवेश झाल्यावर ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. नाव ठरवतात सासरची माणसं. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, त्यांना मी तेव्हा काकू म्हणायचे, माझ्यासाठी मैथिली ठरवलं होतं. फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडच्या लोकांच्या तोंडात आत्तापासून बसू दे. तुझ्या त्या पानावर मैथिलीच टाक."

मला वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटेल. छे, मी हरखून गेले होते. गोदावरी हे नाव माझ्या वर्गातल्या कुणाच्या आजीचंसुद्धा नव्हतं. शाळेत पोरं विचारायची, "गोदाक्का, यंदा पूर कधी?" नदीला पाणी नसलं तरी बोलणी मलाच. मैथिली म्हणजे कसं, ओठावरून अलगद घरंगळणारं. मी दोन वह्यांवर नव्या नावाची सही करून बघितली होती.

तर काकूंचा फोन आल्यावर मी पानावर जिथं जिथं गोदावरी दिसलं तिथं तिथं खोडून मैथिली लिहीत गेले. अकरा ठिकाणी नाव होतं. मी बदललं सात ठिकाणी. बाकीच्या चार गोदावऱ्या जागच्या जागी बसून राहिल्या आणि सगळ्या नातेवाइकांना दिसल्या.

"मॅडम, अब्रू गेली," मी क्लासमध्ये शिरता शिरता म्हणाले आणि सगळं सांगितलं.

कौसर मॅडम आधी पोटभर हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं. आज व्हेरिएबल शिकवायचंच होतं. मला उदाहरण शोधावं लागणार होतं. तुझे वडील छापखान्यात पत्रिका करतात ना? प्रत्येक पत्रिका पहिल्यापासून टाइप करतात?"

"नाही. अण्णांकडे एक नमुना असतो. सगळा मजकूर तयार. फक्त नावांच्या जागी टिंबं."

"टिंबं किती ठिकाणी?"

"असतील की दहा-बारा."

"आणि प्रत्येक टिंबावर जाऊन नाव भरावं लागतं. आता समज, त्या टिंबांनाच एक नाव दिलं. कॉम्प्युटरला एकदाच सांगितलं की या नावात आज अमुक साठवून ठेव. मग जिथं जिथं टिंबं दिसतील, तिथं तो स्वतः जाऊन विचारणार, आत काय आहे? जे असेल ते छापणार."

त्यांनी माझ्या फाइलच्या अगदी वर एक ओळ लिहायला लावली. आधी इंग्रजी लेट हा शब्द, म्हणजे 'समजा', मग साठवणीला द्यायचं नाव. "काय देऊ नाव?" मी विचारलं. "दे काहीही, इंग्रजी अक्षरांत," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलीकडे वळल्या. मी दिलं गोदा. नवरीची जागा होती, नवरी मी होते, मला दुसरं सुचणार तरी काय? त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात मैथिली. मग अकराही ठिकाणचं नाव काढून तिथं नुसतं गोदा लिहिलं. बटण दाबलं.

अकराच्या अकरा ठिकाणी मैथिली.

मी वरच्या ओळीत मैथिली पुसून कौसर लिहिलं. अकरा ठिकाणी कौसर. मंदारचं लग्न आमच्या मॅडमशी लागलं. मग लिहिलं सेलूची आत्या. चि. मंदार आणि चि. सौ. कां. सेलूची आत्या यांचा शुभविवाह. आम्ही चौघी मुली टेबलावर डोकं टेकून हसत होतो. खालून दुकानदार वर आला, मशीन पडलं की काय बघायला.

मला त्या दिवशी जे झालं ते सांगता येणं अवघड आहे. माझ्या हातून आजवर असं काही घडलंच नव्हतं, की मी एक गोष्ट एकदा सांगावी आणि ती अकरा जणांनी मुकाट ऐकावी. घरी येताना मी चालत नव्हते, पळत होते. वाटेत दिसेल त्या पाटीकडे बघून मनात म्हणत होते, यातलं कायमचं काय आणि बदलणारं काय? दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरचं नाव कायम, आजचा नंबर बदलणारा. खानावळीच्या फळीवर 'आजची भाजी' ऑइलपेंटनं रंगवलेलं, खाली खडूनं दोडका. सगळं गाव व्हेरिएबलांनी भरलेलं होतं आणि ते मला एकटीला दिसत होतं.

पुढचे चार दिवस मी त्या पानाचं सोनं केलं. लग्नाची तारीख एका ओळीत, कार्यालय एका ओळीत. मंदारच्या आईवडिलांची नावंसुद्धा ओळीत टाकली. काकूंच्या ओळीला नाव दिलं सासूबाई आणि त्यात साठवलं सौ. वैजयंती. चार ठिकाणी त्यांचं नाव होतं, चारही ठिकाणी बिनचूक उमटलं.

पाचव्या दिवशी मॅडमनी माझी फाइल तपासली.

"पान झकास. पण हे काय? साठवणीचं नाव गोदा आणि आत मैथिली? उद्या दुसरं कुणी ही फाइल उघडली तर त्याला काय कळणार? नाव असं द्यावं की आत काय आहे ते कळेल. गोदा काढ, नवरी लिही."

मी पहिल्या ओळीतलं गोदा पुसलं आणि नवरी लिहिलं. बटण दाबलं. पान पांढरं फटक. मंदार नाही, मुहूर्त नाही, कार्यालय नाही. कोपऱ्यात एक लाल ओळ होती, की गोदा म्हणून इथं कुणी नाही.

"असं कसं? कालपर्यंत नाव बदललं की सगळीकडे बदलत होतं."

"काल तू आतलं बदलत होतीस," मॅडम म्हणाल्या. "ते कितीदाही बदल. आज तू जिला हाक मारायची, तिचंच नाव बदललंस, आणि तेही एकाच जागी. खाली अकरा जणं अजून गोदालाच हाका मारतायत. ओ द्यायला कुणी नाही, म्हणून काम बंद. आता अकराही ठिकाणी जाऊन बदल. काही अवघड नाही."

अवघड नव्हतंच. पाच मिनिटांचं काम. पण मी त्या पांढऱ्या पानाकडे बघत बसले आणि माझा हात पुढे जाईना. मी गोदा परत लिहिलं. सगळं पान परत आलं.

त्या दिवशी दुपारी अण्णांना पान दाखवायला छापखान्यात गेले. अण्णांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि पडद्यासमोर वाकले. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या पत्रिकेचं प्रूफ वाचतात तसं, एकेका अक्षराखाली पेन्सिल धरत, ओठ हलवत वाचू लागले. चि. सौ. कां. मैथिली. वेलांटी बघितली, पुढे गेले. शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "निर्दोष आहे. मुलीकडच्यांना दाखवलं का?"

त्यांच्या जिभेवर सवयीनं आलं ते. रोज दहा जणांना हाच प्रश्न विचारतात. पण या वेळी मुलीकडचे म्हणजे आम्हीच होतो.

"अण्णा, माझं नाव तुम्ही का ठेवलंत गोदावरी?"

"तू झालीस त्या आठवड्यात हे पहिलं मशीन आणलं होतं. त्याच्यावर पहिलं काय छापायचं, तर तुझ्या बारशाचं निमंत्रण. मला ती अक्षरं जुळवायला आवडली होती." पेन्सिल परत कानामागे गेली. "मैथिलीही चांगलं आहे. सुटसुटीत."

मला रडू आलं आणि रागही आला. राग स्वतःचाच. दोन वह्यांवर सह्या केल्या होत्या मी. मला ते नाव नको होतं. म्हणजे मैथिली नको होतं. इतकी साधी गोष्ट कळायला मला पान पांढरं पडावं लागलं.

मी मंदारला फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "मला काहीच अडचण नाही."

"म्हणजे तू गोदावरी लिहिशील?"

"मला अडचण नाही गं. पण आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. आईशी तूच बोल."

मंदारला कधीच कशाची अडचण नसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजही नसते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "मॅडम, आतलंही कुणालाच बदलता येऊ नये असं काही असतं का?"

"असतं की. लेटच्या जागी कॉन्स्ट लिही, म्हणजे कायमचं. एकदा भरलं की भरलं."

मी लिहिलं. कॉन्स्ट गोदा बरोबर गोदावरी. मग खात्री करायला खालच्या ओळीत मुद्दाम तिच्यात मैथिली घालून बघितलं. कॉम्प्युटर अडून बसला. लाल अक्षरांत त्यानं सरळ सांगितलं, हे बदलता येणार नाही. मी पुन्हा घालून बघितलं. पुन्हा तेच. ना आवाज चढवला, ना कारणं दिली. मला इतका आनंद झाला की मी मॅडमना मिठीच मारली. मग ती खालची ओळ पुसून टाकली. आता तेच मला माझ्या तोंडानं बोलायचं होतं.

लग्नाला आठ दिवस उरले असताना काकू स्वतः छापील पत्रिका न्यायला छापखान्यात आल्या. छापील पत्रिकेत रिवाजाप्रमाणे माझं माहेरचंच नाव होतं. अण्णा गठ्ठा बांधायला आत गेले. काकू खुर्चीवर बसल्या. "दाखव बरं तुझं ते पान. दुरुस्त झालं का?"

मी दाखवलं. त्यांनी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं.

"हे काय? आता तर सगळीकडेच गोदावरी."

"काकू, मला माझंच नाव ठेवायचंय."

"पंधरा दिवसांपूर्वी फोनवर हसत होतीस की. म्हणालीस, किती छान नाव आहे."

"छानच आहे. तेव्हा मला हवंही होतं, खोटं नाही सांगत. पण आता नकोय. मला ते माझं वाटत नाही."

"नवं नाव पहिल्या दिवशी कुणालाच आपलं वाटत नाही. वापरून वापरून होतं. माझं नाही झालं?"

"तुमचं आधी काय होतं?"

त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. "शेवंता."

"अजून कुणी म्हणतं?"

"कोण म्हणणार? आईवडील गेले. मानवतला दादा आहे, पण तोही वैजयंतीच म्हणतो. आमच्या सासूबाईंनी माहेरच्यांना ताकीदच दिली होती, जुन्या नावानं हाक मारायची नाही. दादा तेव्हा एकदा चुकला तर पंगतीतून उठायची वेळ आली त्याच्यावर."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"विचारायची पद्धत होती का बाई?" त्यांनी पर्स बंद केली. "लग्न तोंडावर आलंय आणि तू नवे पायंडे पाडतेस. लोकांना मी काय सांगू?"

"सांगा, सून हट्टी निघाली."

त्यांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी दाबलं. अण्णा गठ्ठा घेऊन आले. त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "एवढ्या ठिकाणचं नाव तू परत परत बदललंस. हात नाही दुखले?"

"एकच ओळ बदलावी लागते काकू. बाकी आपोआप."

"हं," त्या म्हणाल्या. "बघू."

त्या एका 'बघू'वर मी आठ दिवस काढले. हळद लागली, मेंदी लागली, अक्षता पडल्या, आणि माझ्या डोक्यात एकच. मंदारला मी मांडवात विचारलं, "काही म्हणाल्या का?" तो म्हणाला, "नाही. पण मला काही..." मी म्हटलं, "कळलं. तुला अडचण नाही."

परभणीला घरी पोचलो, माप ओलांडलं. चार वाजले असतील, बैठकीच्या खोलीत ऊन आलं होतं. पाटासमोर चांदीचं ताट ठेवलं होतं, तांदूळ हातानं सारखे केलेले. भोवती तीस-चाळीस माणसं. पेढ्यांचा खोका उघडून तयार. मंदारनं अंगठी बोटांत धरली आणि आईकडे बघितलं. मीही बघितलं.

काकू म्हणाल्या, "अंगठी तिच्या हातात दे."

"तिच्या?" कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं. "नवरा लिहितो ना?"

"हिला लिहायची सवय आहे," काकू म्हणाल्या. "लिही गं."

मी लिहिलं. वरची रेघ तिरकी गेली. पण गोदावरी पूर्ण लिहिलं, आणि लिहिताना मला बारशाच्या निमंत्रणाची अक्षरं जुळवणारे अण्णा दिसत होते. खोलीत जरा कुजबुज झाली. मग काकूंनी स्वतः खोका उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनेचं नाव गोदावरी. पेढे घ्या."

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तरी मला चाललं असतं. मी मनातल्या मनात नाचत होते.

पण पेढे वाटून झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. बायका फोटो काढण्यात गुंतल्या होत्या, आणि आमच्या पानावर कौसर मॅडमनी लग्नाचे फोटो टाकलेत म्हणून जो तो तेच उघडून बघत होता. काकू हळूच म्हणाल्या, "त्या पानावर माझं नाव किती ठिकाणी आहे?"

"चार."

"आणि बदलायला?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"एक ओळ," मी म्हणाले.

"मंदारचा लॅपटॉप आतल्या खोलीत आहे."

शालूचा पदर खोचून, हातात हिरवा चुडा, अशी मी पलंगावर बसले आणि नेटवरून फाइल उघडली. काकू दार लोटून माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी सासूबाई नावाची ओळ शोधली, त्यातलं वैजयंती पुसलं. सौ. शेवंता लिहिलं. त्यांना दाखवलं. त्यांनी पडद्याला बोट लावून बघितलं.

"आणि ते तुझ्या नावाला केलंयस ते? परत कुणाला बदलता येत नाही ते?"

"कॉन्स्ट."

"तेही कर."

मी केलं आणि पान वर चढवलं. आम्ही दोघी बाहेर आलो. त्या जणू काही झालंच नाही अशा स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण बघायला लागल्या. मी मात्र तिथंच उंबऱ्याशी उभी राहिले.

बैठकीत मंदारचे मानवतचे मामा, सत्तरीचे, खिडकीपाशी फोन डोळ्यांजवळ धरून फोटो बघत होते. बघता बघता त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. फोन खाली ठेवला आणि आजूबाजूला बघितलं, कुणी रागावणार तर नाही ना, असं.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली. आधी हळू आणि मग मोठ्यानं.

"शेवंते. ए शेवंते."

आतून भांड्याचा आवाज थांबला.

"ओ दादा," काकू म्हणाल्या. "आले."